मैदानावरचा शिक्षक : सय्यद अब्दुल रहीम

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धांच्या इतिहासात भारताचे नाव मोजक्याच पानांवर आढळते. त्यांतील सर्वांत उजळ पाने १९५१ ते १९६२ या बारा वर्षांतील आहेत. या काळात भारताने आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक दोनदा जिंकले आणि ऑलिंपिकमध्ये उपान्त्य फेरी गाठली. ती फेरी गाठणारा तो पहिला आशियाई देश ठरला. या कालखंडाच्या आरंभी आणि अखेरीस संघामागे एकच मनुष्य उभा होता. तो नामवंत खेळाडू नव्हता, धनिक आश्रयदाता नव्हता, की परदेशातून आणलेला तज्ज्ञही नव्हता. हैदराबादच्या शाळांत मुलांना शिकवणारा तो एक शिक्षक होता. त्याचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू आणि शहरवासी त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. त्या वेळी हैदराबाद ही निजामाची राजधानी होती, आणि तेलंगणाबरोबर मराठवाडा व कन्नड भाषकांचे जिल्हेही त्याच राज्यात मोडत. एकाच गल्लीत तीन-चार भाषा कानी पडाव्यात अशा या शहरात ते वाढले. त्यांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. इंग्रजीऐवजी उर्दू या देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग या विद्यापीठाने १९१८ पासून चालवला होता. विद्यार्थिदशेत रहीम विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळत आणि पुढे स्थानिक क्लबातूनही खेळले. खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती शहराच्या वेशीपलीकडे फारशी गेली नाही. पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. ज्या काचीगुडा भागात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे तेथील माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल-उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन त्यांनी शाळेच्या क्रीडाविभागाची सूत्रे हाती घेतली. वर्गातील फळा आणि शाळेमागचे मैदान हीच त्यांची पहिली कर्मभूमी होय.

त्या काळी भारतीय फुटबॉलला इतिहास होता, पण शिस्तबद्ध शिक्षणाची परंपरा नव्हती. हा खेळ येथे ब्रिटिश पलटणींबरोबर आला. सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड चषक, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक आणि कलकत्त्यात १८९३ मध्ये आयएफए शील्ड या स्पर्धा सुरू झाल्या. आरंभी तेथे लष्करी संघांचेच वर्चस्व असे. १९११ मध्ये मोहन बागानने जवळजवळ अनवाणी संघानिशी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला नमवून शील्ड जिंकले, आणि फुटबॉल हा बंगालच्या व हळूहळू अवघ्या देशाच्या अभिमानाचा विषय झाला. त्या विजयाचा एक दूरगामी परिणाम असा, की अनवाणी खेळणे हेच भारतीय फुटबॉलचे वैशिष्ट्य आहे अशी समजूत खोलवर रुजली. चेंडूवर वैयक्तिक हुकमत मिळवावी, एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना हुलकावण्या द्याव्यात, आणि प्रेक्षकांनी वाहवा करावी, अशी खेळाची रीत पडली.

याच सुमारास जगात फुटबॉलचे चित्र पालटत होते. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये फिफा ही जागतिक संघटना स्थापन झाली. १९३० मध्ये युरुग्वेत १३ देशांच्या सहभागाने पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. राष्ट्राराष्ट्रांत सामने होऊ लागले तसे खेळाचे शास्त्रही घडत गेले. कोणत्या खेळाडूने कोठे उभे राहावे, मोकळी जागा कशी निर्माण करावी, दमछाक कशी टाळावी, या गोष्टींचा विचार होऊ लागला. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ मध्ये स्थापन झाला. स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला तो १९४८ मध्ये लंडनला. तालिमेरेन आव यांच्या नेतृत्वाखालील या संघात बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्यांनी फ्रान्सला कडवी झुंज दिली. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना १-२ असा निसटला. १९५० च्या विश्वचषकासाठी, पात्रता गटातील इतर संघांनी माघार घेतल्यामुळे, भारताला ब्राझीलला जाण्याची संधी आयती चालून आली होती. महासंघाने ती घेतली नाही. विश्वचषकाचे महत्त्व तेव्हा येथे फारसे कोणाला उमगले नव्हते, आणि ऑलिंपिक हेच सर्वोच्च शिखर मानले जात होते. तशी संधी पुन्हा आली नाही.

या पार्श्वभूमीवर हैदराबादमध्ये रहीम यांचे काम चालले होते. १९४० च्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेच्या चिटणीसपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मोठ्या खेळाडूला बदलणे अवघड असते आणि मुलाला घडवणे शक्य असते, हे शिक्षकाला ठाऊक असलेले सत्य त्यांनी खेळाला लावले. शालेय मुलांसाठी त्यांनी आगळ्या स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू पायाशी घोळवत नेण्यास मनाई असे. चेंडू मिळाला की तो लगेच सहकाऱ्याकडे द्यावयाचा. दुसऱ्या प्रकारात ज्या पायाची सवय नाही त्याच पायाने खेळावे लागे. पहिल्या नियमाने मुले आपल्या साथीदारांकडे पाहावयास शिकली, तर दुसऱ्याने त्यांचा दुबळा पाय बळकट झाला. व्याकरणाचा धडा खेळातून गिरवून घ्यावा तशी ही पद्धत होती. नियम घोकून न घेता, तो पाळल्याशिवाय खेळताच येणार नाही अशी परिस्थिती ते निर्माण करीत.

या शिक्षणाचे फळ हैदराबाद सिटी पोलिस संघाच्या रूपाने देशासमोर आले. या संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीम यांनी जी कामगिरी घडवून आणली तिला तोड नाही. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला. मुंबईच्या फुटबॉलरसिकांना या पोलिसांचे जलद, आखीव आणि परस्परांना पूरक खेळणे नवलाचे वाटे. स्वातंत्र्योत्तर काळातील पहिला ड्युरँड चषकही १९५० मध्ये याच संघाने मोहन बागानला हरवून पटकावला. कलकत्ता हेच भारतीय फुटबॉलचे एकमेव केंद्र होय, या समजुतीला दक्षिणेतील एका शहराने दिलेले ते उत्तर होते. १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या हंगामांत हैदराबादने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष चषकही जिंकला. अझीझ, नूर मोहम्मद, झुल्फिकार, लतीफ, सलाम असे कित्येक खेळाडू या शहरातून भारतीय संघात गेले. सिकंदराबादच्या गरीब वस्तीतील तुलसीदास बलराम या मुलातील गुण रहीम यांनी हेरले, सरावासाठी हैदराबादला ये-जा करण्याची त्याची अडचण दूर केली, आणि भारताला एक अव्वल आघाडीपटू मिळवून दिला.

राष्ट्रीय संघाची धुरा हाती आल्यावर त्यांची पहिली मोठी कसोटी होती १९५१ च्या मार्चमध्ये नवी दिल्लीत भरलेली पहिली आशियाई क्रीडास्पर्धा. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवले, आणि अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलामुळे इराणवर विजय मिळवला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या राजधानीत, देशाच्या नेत्यांच्या उपस्थितीत मिळालेले हे सुवर्ण होते. आशियातील नवस्वतंत्र राष्ट्रांना एकत्र आणणाऱ्या त्या सोहळ्यात फुटबॉलचा मान यजमानांकडे राहिला.

हा आनंद फार काळ टिकला नाही. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. उत्तरेकडील थंड हवा, ओलसर मैदान, बूट घालून धावणारे धिप्पाड प्रतिस्पर्धी आणि अनवाणी पायांचे भारतीय खेळाडू असा तो विषम सामना होता. पराभवाचे खापर हवामानावर किंवा दैवावर फोडून मोकळे होणे सोपे होते. तसे झाले नाही. यापुढे बूट घालणे सक्तीचे असावे, असा निर्णय महासंघाने घेतला. १९११ पासून ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला ती आता अडसर ठरली आहे, हे मान्य करण्याचा तो कटू क्षण होता. रहीम यांच्या दृष्टीने मात्र बूट हा प्रश्नाचा एक भाग होता. उरलेला भाग विचाराचा होता.

त्या काळी युरोपात हंगेरीच्या संघाने क्रांती घडवली होती. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांनी इंग्लंडला वेम्बली मैदानावर ६-३ असे हरवले, तेव्हा त्यांचा मध्य आघाडीपटू हिदेगकुटी पुढे न थांबता मागे सरकून खेळत होता. त्याच्यावर पाळत ठेवावी की त्याला मोकळे सोडावे, या संभ्रमात इंग्लंडची बचावफळी सापडली. परदेशांतील घडामोडींवर बारकाईने लक्ष ठेवणाऱ्या रहीम यांनी ही युक्ती भारतीय संघात आणली. दोन बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि पाच आघाडीपटू ही जुनी मांडणी मागे टाकून ते नव्या रचनांकडे वळले, आणि कालांतराने ज्या ४-२-४ रचनेने ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक जिंकला ती रचनाही त्यांनी आपल्या खेळाडूंना शिकवली. हे ज्ञान त्यांना चित्रफितींच्या किंवा मोठ्या दौऱ्यांच्या जोरावर मिळाले नव्हते. मिळेल ते वाचणे, दिसेल तो सामना डोळ्यांत साठवणे आणि त्यातील तत्त्व आपल्या मुलांच्या अंगवळणी पाडणे, हाच त्यांचा मार्ग होता.

त्याचे फळ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दिसले. सोव्हिएत आक्रमणामुळे हंगेरीचा संघ आला नाही आणि भारताला पुढची चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी उपान्त्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेला गोमंतकीय खेळाडू नेव्हिल डिसूझा याने या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू होय. उपान्त्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या त्या संघाविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता, आणि उत्तरार्धात नेव्हिलनेच भारताला आघाडी मिळवून दिली. अखेरीस सामना ४-१ असा हातून गेला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे नमवले. चौथे स्थान हाती आले. पदक हुकले, परंतु हेलसिंकी ते मेलबर्न हे अंतर एका शिक्षकाने चार वर्षांत संघाकडून पार करून घेतले होते. आजवर ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ती सर्वोच्च कामगिरी आहे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालील संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. तरीही त्या गटातील सामने उल्लेखनीय ठरले. पुढे कांस्यपदक मिळवणाऱ्या हंगेरीला विजयासाठी २-१ असे झगडावे लागले आणि फ्रान्सला १-१ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले. पेरूकडून मात्र ३-१ असा पराभव झाला. या संघात रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांचाही समावेश होता. ते पुढे आंतरराष्ट्रीय पंच म्हणून नावारूपाला आले. प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम या तिघांची आघाडी आता परिपक्व झाली होती, आणि त्यांच्यासमोर १९६२ ची जाकार्ता येथील आशियाई स्पर्धा होती.

याच टप्प्यावर रहीम यांच्या देहाने साथ सोडावयास आरंभ केला. त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. स्वतःचे आयुष्य सरत असल्याचे दिसत असतानाही त्यांनी संघाची तयारी सोडली नाही. जाकार्तातील परिस्थितीही बिकट होती. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. या स्पर्धेला मग आशियाई स्पर्धा म्हणावे काय, असा प्रश्न भारताचे क्रीडाप्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी उपस्थित केल्यामुळे तेथील जनमत भारताविरुद्ध खवळले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. मैदानात भारतीय खेळाडूंचे स्वागत हेटाळणीने होऊ लागले.

त्यातच पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. पुढच्या सामन्यात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला मोठी जखम होऊन टाके पडले. जपानला भारताने २-० असे नमवले. उपान्त्य सामन्याच्या वेळी रहीम यांच्यापुढे प्रश्न होता, की जखमी जर्नेलला विश्रांती द्यावी, की त्याच्यावाचून खेळण्याचा धोका पत्करावा. त्यांनी तिसराच मार्ग काढला. जर्नेलला बचावातून काढून त्यांनी मध्य आघाडीवर खेळवले. ज्याला आजवर गोल रोखताना पाहिले तो आता गोल करावयास पुढे आला. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ अशा विजयात त्याने एक गोल केला, आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांनी उरलेले दोन.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजी झाला. प्रतिस्पर्धी पुन्हा दक्षिण कोरिया होता. सुमारे एक लाख प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठला होता, त्रिलोकसिंगच्या पायाला दुखापत होती, जर्नेलच्या डोक्यावर टाके होते, आणि प्रशिक्षक स्वतः मृत्यूच्या छायेत होते. आदल्या दिवशी रहीम यांनी खेळाडूंकडे आपल्यासाठी एक भेट मागितली आणि ती भेट म्हणजे सुवर्णपदक होते, अशी आठवण खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्या प्रतिकूल गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू भारतासाठी टाळ्या वाजवत होते, हेही त्यांनी आवर्जून नमूद केले आहे. १७ व्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी जर्नेलसिंगने दुसरा केला. कोरियाचा एकमेव गोल सामना संपण्यास थोडा अवधी उरला असताना झाला. २-१ असा विजय मिळाला आणि अकरा वर्षांनी सुवर्णपदक पुन्हा भारताकडे आले.

त्यानंतर रहीमसाहेबांना फार दिवस लाभले नाहीत. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षात, हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. जाकार्ताच्या विजयाला तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते.

त्यांच्या पश्चात भारतीय फुटबॉलचा आलेख उतरत गेला. १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला आणि १९७० मध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. हे दोन्ही संघ बहुतांशी रहीम यांच्या काळात रुजलेल्या खेळावरच उभे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये १९६० नंतर भारत दिसला नाही, आणि आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण १९६२ नंतर परत आले नाही. एका व्यक्तीच्या जाण्याने सारे घडले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जपान, कोरिया आणि पश्चिम आशियातील देशांनी प्रशिक्षण, मैदाने आणि बालखेळाडूंची जोपासना यांत मोठी मजल मारली. भारतात मात्र एका शहरातील एका शिक्षकाने जे उभे केले होते ते देशभरातील शाळांत पसरवण्याची व्यवस्था झाली नाही. रहीम यांची पद्धत त्यांच्याबरोबर हैदराबादच्या मैदानांतच बव्हंशी राहून गेली.

त्यांच्या हयातीत प्रशिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कारच नव्हता. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. कित्येक दशके त्यांचे नाव जुन्या खेळाडूंच्या आठवणींपुरते उरले होते. पुढे राष्ट्रीय लीगमधील उत्कृष्ट प्रशिक्षकाच्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले, आणि २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या मैदान या हिंदी चित्रपटाने नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली. परंतु त्यांचे खरे स्मारक त्यांच्या कामाच्या क्रमातच आहे. शाळेतील मुलांपासून त्यांनी आरंभ केला, त्यांतून शहराचा संघ उभारला, आणि शहराच्या संघातून देशाचा. दहा गोलांच्या पराभवातून त्यांनी धडा घेतला आणि तो धडा दुसऱ्यांना शिकवला. आंतरराष्ट्रीय स्पर्धा राष्ट्राची ताकद दाखवतात असे म्हटले जाते. रहीमसाहेबांच्या चरित्रावरून असे दिसते, की त्या राष्ट्राच्या शाळांमागील मैदानांची अवस्थाही तितक्याच स्पष्टपणे दाखवतात. जाकार्तातील विजयमंचावर जे सुवर्ण झळकले, त्याची घडण कित्येक वर्षांपूर्वी हैदराबादच्या शाळांत, अंगवळणी नसलेल्या पायाने चेंडू मारावयास शिकणाऱ्या मुलांमध्ये सुरू झाली होती.